चाळीस जुन्या खुणा आणि एक ताजी

“धुक्याचा आडोसा घेऊन ती वृद्ध रेंजर आजी एकटीच रानात शिरली. तिच्या हातात कुऱ्हाड होती. जंगल वाचवण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता. चाळीस देवदारांवर तिने आपल्या पूर्वजांच्या खुणा स्वतःच्या हातांनी कोरल्या. त्या खोट्या होत्या; पण इतके सुंदर खोटे या देशात कोणी बोलले नसेल.”

आमच्या मंडळाच्या यंदाच्या वार्षिक अंकात हा मजकूर छापून आला आहे. लेखिका ईशा ही माझ्या मुलीच्या मैत्रिणीची कन्या. जन्म इथलाच, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलचा. मुलगी हुशार आहे, तिने मराठीत लिहिण्याचे कष्ट घेतले याचेही मला कौतुक आहे. गेल्या उन्हाळ्यात ती वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावरचे वर्षावन पाहायला गेली, तिथल्या एका वाटाड्याने तिला ही कथा ऐकवली, आणि तिने ती आणून आम्हाला वाढली. अंक हाती आला त्या दिवशीच मी तिला फोन केला.

“आजोबा, तुम्ही अपसेट का झालात? मी तर तिला हिरो केलंय!”

“तू तिला खोटारडी केले आहेस.”

“पण इट्स फॉर द फॉरेस्ट ना, आजोबा! आणि तिकडे एव्हरीबडी हेच सांगतं. गाइडनेसुद्धा सेम सांगितलं.”

“तुझ्या गाइडचे वय काय?”

“आय डोन्ट नो. पंचवीस?”

“ही घटना घडली तेव्हा तो शाळेत असेल. मी तिथे नोकरीत होतो. ते जंगल मी मोजले आहे.”

 पलीकडून एकदम, “ओ माय गॉड! आजोबा, मग तुम्ही लिहा ना!”

लिहितो.

प्रथम किरकोळ चुका काढून टाकतो. तिथे देवदार नाहीत. देवदार हिमालयात असतो. हे सीडर, सतत ओल्या हवेत वाढणारे, लाल लाकडाचे, चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारे झाड. दुसरे, त्या खुणा कुऱ्हाडीने कोरता येत नाहीत. का, ते पुढे सांगेन. तिसरे, त्या बाईंना कोणी ‘आजी’ म्हणत नसे. त्यांच्या माणसांत वडीलधाऱ्या बाईला ‘आंटी’ म्हणतात. आंटी डेलिया. मी त्यांचा उल्लेख डेलियाबाई असा करणार आहे, कारण माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या स्त्रीला आंटी म्हणणे मला त्या काळीही जमले नाही. त्यांच्या जमातीचे नाव मी लिहीत नाही. त्यांना न विचारता ते कुठेही छापलेले त्यांना आवडत नाही, आणि विचारायला आता डेलियाबाई नाहीत.

दुसरी एक आवृत्तीही फिरते आहे, तिचाही इथेच समाचार घेतो. बाई गेल्यावर एक चित्रफीत निघाली. तीत मंद बासरी वाजते आणि एक गंभीर आवाज सांगतो की आंटी डेलिया अतिशय शांत, सौम्य, झाडांशी कुजबुजणाऱ्या होत्या. कुजबुजणाऱ्या! बाईंचा आवाज ओढ्याच्या पलीकडच्या तीरावर ऐकू येत असे. त्या रागीट होत्या, शिव्या देत, आणि थर्मासमधल्या कॉफीत इतकी साखर घालत की चमचा उभा राहावा. एका पर्यटकाने फोटोसाठी सीडरच्या मुळावर पाय दिला, तेव्हा बाई शांतपणे जाऊन त्याच्या बुटावर उभ्या राहिल्या. तो ओरडला. “आता कळलं?” बाईंनी विचारले आणि त्या पुढे चालू लागल्या.

मी राज्याच्या एका खात्यात होतो. नव्या रस्त्याची आखणी ठरली की त्याच्या वाटेत येणारी झाडे मोजणे, त्यांची वये काढणे आणि अहवाल देणे हे माझे काम. निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. लाकडाच्या मालमोटारींसाठी एका उतारावरून रस्ता न्यायचा होता. उतार सरकारी जमिनीत होता. पण सरकार जन्मायच्या आधीपासून तो डेलियाबाईंच्या माणसांचा होता, आणि एका करारान्वये त्यांच्या जमातीचे रेंजर तिथे गस्त घालत. बाई त्या रेंजरांच्या प्रमुख होत्या. हिरवे जाकीट, छातीवर बिल्ला, कमरेला चाकू. पाऊस असला तरी जाकिटाची टोपी त्या डोक्यावर घेत नसत. टोपीने कान बंद होतात म्हणत.

पहिल्याच आठवड्यात आमचे वाजले. मी झाडांना केशरी फिती बांधून रस्त्याच्या दोन्ही कडा आखल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर एकाही झाडावर फीत नाही. प्रत्येक झाडाशेजारी लाकडाची एक खुंटी ठोकलेली आणि फीत तिच्यावर. मी संतापलो. असल्या कामात इंचाला महत्त्व असते. बाई एका पडलेल्या ओंडक्यावर बसून कॉफी पीत होत्या.

“हे सरकारी काम आहे,” मी म्हणालो. “तुम्ही त्यात ढवळाढवळ केली आहे.”

“तू न विचारता त्यांच्या गळ्यात फास बांधलास. मी सोडवला.”

“आता मला सगळे पुन्हा मोजावे लागेल.”

“मोज की. टेप आहे ना तुझ्याकडे?”

इंग्रजीत तू-तुम्ही नसते, हे मला कोणी शिकवू नये. बाई मला ‘तू’च म्हणत होत्या, याबद्दल मला कधीही शंका वाटली नाही.

मी दिवसभर पुन्हा मोजले. एकही खुंटी अर्ध्या इंचाने चुकली नव्हती. संध्याकाळी मी तसे सांगितले, कारण जे खरे ते सांगावे. बाईंनी थर्मासचे झाकण माझ्यापुढे धरले. त्या दिवसापासून मी ‘मिस्टर टेप’ झालो. हे नाव त्यांच्या भाचीने, म्हणजे रूथ नावाच्या तरुण रेंजरने, वायरलेसवरही वापरायला सुरुवात केली आणि माझ्या खात्यातल्या लोकांनी ते आनंदाने उचलले.

मग चोरांचा प्रसंग. जुन्या सीडरच्या फळ्यांना छपरांसाठी फार मागणी असते, म्हणून त्या भागात लाकूडचोर येतात. झाड पाडून त्याचे ठोकळे करतात आणि उचलून नेतात. एका सकाळी मी बाईंच्या जीपमध्ये होतो. दूर करवतीचा आवाज आला. बाईंनी इंजिन बंद केले.

“तू इथे थांब. पंधरा मिनिटांत आले नाही तर रूथला वायरलेस कर.”

“तुमच्यापाशी बंदूक नाही.”

“त्यांच्यापाशी आहे. दोन झाल्या तर काय सुधारणार आहे?”

त्या चालत गेल्या. थर्मास बरोबर नेला. मी घड्याळ पाहत बसलो. जीपच्या टपावर फांद्यांतून ठिबकणारे पाणी पडत होते, त्याखेरीज त्या करवतीचा एकच आवाज. मग तो आवाज थांबला. करवत चालू होती तोवर ती माणसे कामात आहेत एवढे तरी कळत होते. ती थांबल्यावर काहीच कळेना. अकरा मिनिटे झाली. बारा. तेराव्या मिनिटाला माझा हात वायरलेसवर होता. चौदाव्या मिनिटाला झुडपांतून तीन माणसे बाहेर आली. पहिल्याच्या हातात करवत, दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक, तिसऱ्याच्या हातात बाईंचा थर्मास. मागून बाई.

“त्या ठेंगण्याच्या आजीला मी ओळखते,” जीप चालू करताना त्या म्हणाल्या. “मी फक्त विचारलं, रविवारी ती मला चर्चमध्ये भेटेल, तेव्हा काय सांगू?”

“आणि बंदूकवाला?”

“तो माझ्याकडे रोखून उभा होता. मग ठेंगण्याने त्याला सांगितलं, ही माझ्या आजीला सांगेल.”

त्या हसल्या. पण गिअर टाकताना त्यांचा हात दोनदा घसरला, हे मी पाहिले. चित्रफितीतल्या बाईंना भीती वाटत नाही. माझ्या ओळखीच्या बाईंना वाटत होती आणि तरी त्या गेल्या होत्या.

त्यांचा उजवा खांदा तेव्हाच निकामी झालेला होता, आणि या लेखात त्याला महत्त्व आहे. काही वर्षांपूर्वी वाऱ्यात मोडलेली फांदी खांद्यावर पडली होती. उजवा हात छातीच्या वर जात नसे आणि त्या हाताने काही ओढता येत नसे. जीपचे दार त्या डाव्या हाताने लावत. त्यांची पांढरी वेणी रोज सकाळी रूथ घालून देई, आणि घट्ट घातली की तिला शिव्या बसत.

आता खुणांविषयी. वसंत संपता संपता झाडात रस चढतो, आणि मोजके काही आठवडे सीडरची साल सुटी होते. तेव्हा बाईंची माणसे ती काढतात. आधी खोडाला हात लावून झाडाला विचारायचे, ही साल कशासाठी हवी ते सांगायचे. मग कमरेच्या उंचीवर दोन तळव्यांएवढा आडवा छेद द्यायचा, सालीची कड उचकटायची, ती दोन्ही हातांत घट्ट धरायची आणि मागे मागे चालत जायचे. साल वर वर फाटत जाते, अरुंद होत जाते, आणि तीसेक फुटांवर निमुळती होऊन सपकन सुटते. टोपल्या, चटया, दोर, पावसाच्या टोप्या, सगळे तिच्या आतल्या मऊ थरातून होते. एका झाडाची साल एकदाच घेतात. झाड मरत नाही. जखमेच्या दोन्ही कडा वर्षानुवर्षे आत वळत राहतात आणि खाली आडवी, वर टोकदार अशी लांब खूण मागे उरते. ईशाने ती कुऱ्हाडीने करून पाहावी. झाड मरेल आणि खूण होणार नाही.

त्या उतारावर अशा खुणांची चाळीस झाडे होती. त्या खुणा माणसांच्या आणि पुरेशा जुन्या आहेत असे सिद्ध झाले तर रस्ता वळवावा लागणार होता. नाही तर चाळीसही झाडे पडणार होती. सिद्ध करायचे की नाही, ते माझ्या मोजणीवर होते. नियम कडक होता: मोजणी सुरू झाल्यापासून सुनावणी संपेपर्यंत आखलेल्या दोन रेघांच्या आत कोणीही कोणत्याही झाडाला हात लावायचा नाही. मोजणाऱ्याने तपासणीपुरताच लावायचा. त्यापलीकडे त्याने काही केले तर त्याचा सगळा अहवाल रद्द.

वय काढण्यासाठी एक पोकळ स्क्रू झाडात फिरवून पेन्सिलीएवढी काडी बाहेर ओढतात. तिच्यावर वर्षांची वलये दिसतात. खुणेच्या कडेपाशी किती आणि पलीकडच्या निरोगी बाजूला किती, ते मोजले की जखम केव्हाची ते कळते. पहिल्या झाडाला मी स्क्रू लावला, तशी बाईंनी हाक मारली.

“विचारलंस?”

“कोणाला?”

“तू भोक माझ्यात पाडतोयस का?”

मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटलो. बाईंनी मान हलवली. “असं नाही. तुझ्या घरच्या भाषेत. इंग्रजी त्याला कळतं, पण आवडत नाही.”

रूथ तोंड फिरवून हसत होती. भर पावसात, सरकारी शिरस्त्राण घालून, साठी उलटलेला मी मोठ्याने म्हणालो, “माफ करा. एक लहान भोक पाडतो आहे. तुमचे वय पाहायचे आहे.” झाडाला ‘कर’ म्हणावे की ‘करा’, हा प्रश्न मला पडलाच नाही. तीनचार शतकांचे होते ते. त्यानंतर चाळीसही झाडांना मी हे वाक्य ऐकवले, आणि एकदा विसरलो तेव्हा बाईंनी स्क्रूची मूठ धरून ठेवली.

वलये जुनी निघाली. सर्वांत अलीकडची खूणसुद्धा बाईंच्या जन्माच्या आधीची होती. हे वाक्य ईशाने दोनदा वाचावे. पण जुनी खूण म्हणजे माणसाची खूण, असे सिद्ध होत नाही. अस्वलेही वसंतात साल सोलतात. माझ्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले, “अस्वलाने साल सोलल्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.” मसुदा दोन्ही पक्षांना द्यावा लागे. बाईंनी तो जीपच्या बॉनेटवर ठेवून वाचला. पाऊस त्यावर पडत होता, तरी त्यांनी सावकाश वाचला.

“अस्वल कमरेवर आडवी रेघ मारतं?” त्यांनी विचारले. “पट्टी घेऊन येतं?”

“वादात कोणी तसे विचारले तर मला उत्तर देता यायला हवे.”

“माझ्या आजीने केलंय ते मी तुला सांगते आहे.”

“तुम्ही सांगता. मी पाहिलेले नाही. न पाहिलेली गोष्ट मी अहवालात लिहीत नाही. चाळीस वर्षांत लिहिली नाही.”

“तुला आम्ही खोटे वाटतो?”

“मला सगळेच खोटे वाटतात. म्हणून माझ्या अहवालावर लोक विश्वास ठेवतात.”

 मला वाटले, बाई आता माझ्या बुटावर उभ्या राहणार.  पण भिजलेला मसुदा त्यांनी चार घड्या करून मला परत दिला.

“रस चढलाय,” त्या म्हणाल्या. “अजून आठ-दहा दिवस साल सुटेल.”

दुसऱ्या मसुद्यातून अस्वल गेले. साल ओढली की खूण खाली कशी आडवी आणि वर कशी निमुळती होते, धागे कोणत्या दिशेने फाटतात, हे मी त्यात सव्वा पान लिहिले. खात्यातल्या माझ्या वरिष्ठांनी तो भाग अतिशय नेमका असल्याचा शेरा मारला.

सुनावणीच्या पाच दिवस आधी, रस्ता हवा असलेल्यांच्या माणसाने उतारावर एकेचाळीसावी खूण शोधून काढली. ती ताजी होती. आतले लाकूड ओले, पिवळसर. कडेला रसाचे थेंब. आणि झाड माझ्या दोन रेघांच्या आत.

नंतर जे सगळे बोलले गेले, त्याचा उगम या एका खुणेत आहे. जी बाई एक खूण करू शकते ती चाळीस का करणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे वर्तमानपत्राने तो अर्धवट छापला, उपाहारगृहांत तो पूर्ण झाला, आणि आता बासरी आणि कुऱ्हाडीसह तो आमच्या वार्षिक अंकात पोहोचला आहे.

सुनावणी जिल्ह्याच्या गावी, एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. ओल्या कोटांचा वास सर्वत्र होता. पुढच्या रांगेत बाईंची माणसे, मागे लाकूड कंपनीचे कामगार आणि त्यांच्या बायका. त्यांच्याही पोटाचा प्रश्न होता, हे मी विसरलो नव्हतो. मला माझी वलये दोन तास वाचायला लावली. चाळीस झाडे, चाळीस काड्या, प्रत्येकीचे छायाचित्र. पलीकडच्या वकिलाने एकाही आकड्याला हात लावला नाही, कारण लावता येत नव्हता. मी जागेवर येऊन बसलो. बाई माझ्यापासून दोन खुर्च्यांवर होत्या. त्यांनी इस्त्रीचे जाकीट घातले होते. मग वकिलाने त्यांना बोलावले.

त्या वेळचे शब्द मी इथे जसेच्या तसे देतो, कारण शब्दांवरच सगळे आहे. टिपण माझ्यापाशी आहे.

“या उतारावर एक नवी खूण आहे. तुम्हाला माहीत आहे?”

“आहे.”

“ती तुम्ही केलीत?”

“ती माझ्या जबाबदारीवर झाली.”

“म्हणजे तुम्ही केलीत?”

“मी उत्तर दिलं. लिहून घ्या.”

“तुमच्याबरोबर तिथे कोण होतं?”

“माणसांविषयी मला काही सांगायचं नाही.”

“कोणाला तरी वाचवता आहात?”

“चाळीस झाडं वाचवते आहे. तुम्हाला तेवढं कळत असेल तर खाली बसा.”

मागून कोणीतरी ‘खोटारडी’ असे ओरडले. बाईंनी मागे वळून पाहिले नाही. पुढच्या रांगेत त्यांची माणसे पुतळ्यासारखी बसली होती. ज्या बाईंचा उजवा हात छातीच्या वर जात नाही, त्या एकट्या तीस फुटांची साल ओढू शकत नाहीत, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला माहीत होते. रूथचे ओठ घट्ट मिटलेले होते. तिने एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिले.

मला कोणी काही विचारले नाही. माझी साक्ष संपली होती.

निकाल तीन आठवड्यांनी आला. ताज्या खुणेचा जुन्या खुणांच्या पुराव्यावर परिणाम होत नाही, मोजणी निःपक्ष आणि निर्दोष आहे, सबब रस्ता वळवावा. त्याच कागदाच्या दुसऱ्या पानावर होते की मनाई असताना झाडाला इजा केल्याबद्दल प्रमुख रेंजरचे गस्तीचे अधिकार काढून घेण्यात यावेत. सबंध वाक्यात बाईंचे नावसुद्धा नव्हते.

जाकीट परत करायला त्या स्वतः आल्या. घडी घालून त्यांनी ते खात्याच्या टेबलावर ठेवले, वर बिल्ला ठेवला. पलीकडचा कारकून तरुण होता, तो चाचरत म्हणाला, “आंटी, सही लागेल.” बाईंनी डाव्या हाताने सही केली. मी दारात उभा होतो. मी म्हणालो, “मी आत जाऊन आत्ता बोलतो.”

“दुसरं पान वाचलंस, तसं पहिलंही वाच,” त्या म्हणाल्या आणि माझ्या शेजारून निघून गेल्या.

त्यानंतर त्या जंगलात जातच राहिल्या, जुना स्वेटर घालून. नवे रेंजर त्यांना हटकू शकत होते. कोणी हटकले नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते तीन वर्षांनी, तिथल्या दवाखान्याच्या वाहनतळावर. मी तेव्हा निवृत्त झालो होतो आणि मुलीकडे राहायला निघालो होतो. बाईंना श्वासाचा त्रास होता. तपासणी आटोपून त्या रूथच्या ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसल्या होत्या. नाकात प्राणवायूची नळी आणि मांडीवर तळलेल्या बटाट्यांचा कागदी पुडा. डॉक्टरांनी मीठ बंद केले आहे, असे रूथ मला सांगत होती. बाई तिच्याकडे साफ दुर्लक्ष करत होत्या. मी खिशातून कागद काढला.

“वर्तमानपत्राला पत्र लिहिले आहे. आज टाकतो.”

“वाच.”

मी उभ्याने वाचले. दीड पान होते. वाचून होईपर्यंत त्या बटाटे खात राहिल्या.

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “फाड.”

“लोक तुम्हाला काय म्हणतात ते तुम्ही ऐकत नाही काय? परवा पेट्रोल पंपावर एकजण—”

“जमिनीचे कागद झाले?”

तो उतार जमातीच्या नावावर परत करण्याची बोलणी तेव्हा नुकती सुरू झाली होती, आणि ती माझ्या अहवालाच्या आधारे चालली होती. “नाही,” मी म्हणालो.

“तुझे आकडे रद्द झाले तर त्या चाळीस झाडांपाशी काय उरतं?”

मी पत्राची घडी घातली.

“रस्ता उरतो,” त्या म्हणाल्या.

“आणि तुमचे नाव?”

“रूथला माहीत आहे. रूथच्या पोरींना माहीत आहे. तुझ्या वर्तमानपत्राला कशाला माहीत हवं?” त्यांना धाप लागली. रूथने नळी सारखी केली. तेवढे होईपर्यंत त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही. “कागद होतील त्या दिवशी बोल. मी असेन किंवा नसेन. तोवर ते तोंड बंद ठेव, मिस्टर टेप.” आणि पुड्यातला एक बटाटा त्यांनी माझ्यासमोर धरला. “हे घाल त्यात.”

मी तो खाल्ला. फारच खारट होता. रूथने ट्रक मागे घेतला, काच वर गेली, आणि काचेमागे बाई पुन्हा पुड्यात हात घालताना दिसल्या.

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. जमिनीचे कागद गेल्या शरद ऋतूत झाले. रूथने मला शिक्क्याच्या पानाचे छायाचित्र पाठवले, खाली एक शब्दही नव्हता. आता तो उतार कोणाच्या अहवालावर उभा नाही. तो त्याच्या मालकांच्या नावावर आहे, आणि माझे चाळीसही आकडे उद्या कोणी कचऱ्यात टाकले तरी तिथे रस्ता जाणार नाही. मी मुदत पाळली आहे. आता माझ्या निवृत्तिवेतनाचे खात्याला जे करायचे असेल ते त्याने करावे.

ईशाने, तिच्या वाटाड्याने आणि त्या बासरीवाल्यांनी ऐकावे. चाळीस खुणा डेलियाबाई जन्मण्यापूर्वीच्या आहेत. एकेचाळीसावे झाड बाईंनी निवडले नव्हते. त्या ओढ्यापलीकडचे, माझ्या रेघांबाहेरचे झाड दाखवत होत्या. तोच उतार आणि तेच वय असल्याखेरीज तुलना कुचकामी आहे, असा हट्ट मोजणाऱ्याने धरला. बाईंनी डावा तळवा खोडावर ठेवून झाडाला विचारले आणि त्या बाजूला झाल्या. आडवा छेद मी दिला. कड मी उचकटली. आणि मागे मागे चालत ती साल मी ओढली.